एका डिटला एक मिनिट: लांब लहरींवरचा हौशी रेडिओ

हौशी रेडिओवाल्यांत एक जमात अशी आहे, जी मोर्स कोडचा एक डिट, म्हणजे एक ठिपका, पाठवायला अख्खं मिनिट घेते. डा, म्हणजे रेघ, असेल तर तीन मिनिटं. मोर्सचा वेग मोजायला जगभर ‘पॅरिस’ हा शब्द वापरतात. रोमन लिपीतली पाच अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागा धरून त्याची लांबी बरोबर पन्नास डिट भरते. हात बसलेला ऑपरेटर हा शब्द मिनिटात वीस-पंचवीस वेळा पाठवतो. या जमातीला तो एकदा पाठवायला पन्नास मिनिटं लागतात. आणि तिकडे हजार-दोन हजार किलोमीटरवर कोणीतरी तेवढा वेळ स्क्रीनवर उमटणारी रेघ बघत बसलेलं असतं.

यात थोडा वेडेपणा आहे, नाकारत नाही. पण त्या पन्नास मिनिटांमागे सरळ हिशेब आहे. या लहरींवर अँटेना हवी तेवढी उभारता येत नाही, शक्ती वाढवायला कायदा आडवा येतो, आणि आभाळातली खरखर कमी करणं कोणाच्याच हातात नाही. खर्च करायला उरतो तो फक्त वेळ. मग ही मंडळी तोच सढळ हाताने खर्च करतात.

लांब म्हणजे किती लांब

रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. त्या सेकंदात ती जितक्या वेळा वरखाली होते ती तिची फ्रिक्वेन्सी, आणि एका वरखालीत जेवढं अंतर कापते ती तरंगलांबी. फ्रिक्वेन्सी उतरली की तरंगलांबी वाढते. या लेखापुरतं एवढं गणित पुरे.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा नेहमीचा राबता दहा ते ऐंशी मीटरच्या शॉर्टवेव्हवर. तिथून खाली उतरत गेलं की पहिली पायरी १६० मीटरची, म्हणजे १.८ ते २ मेगाहर्ट्झची. तरंगलांबीने सगळ्यांत वरची म्हणून तिला जुने लोक ‘टॉप बँड’ म्हणतात, आणि आता तिच्याही वर दोन पट्टे आले तरी नाव काही बदललेलं नाही. पुढची पायरी ६३० मीटर, ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ. घरगुती रेडिओवरचा मीडियम वेव्ह जिथे संपतो, त्याच्याही खाली. आणि शेवटची २२०० मीटर, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ. इथे एकेक लहर दोन किलोमीटरपेक्षा लांब असते. काटेकोर नामकरणात ‘लो फ्रिक्वेन्सी’ म्हणजे ३० ते ३०० किलोहर्ट्झ, त्यामुळे खऱ्या अर्थाने तिथली ही एकटीच. बाकी दोघी मीडियम फ्रिक्वेन्सीतल्या. पण अडचणी तिघींच्या एकाच जातीच्या, म्हणून बोलताना त्यांची मोट एकत्रच बांधतात.

२२०० मीटरच्या पट्ट्याची रुंदी पाहा: जेमतेम २.१ किलोहर्ट्झ. हॅम ज्या काटकसरीच्या पद्धतीने बोलतात, त्या सिंगल साइडबँडलाही अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते. म्हणजे हा अख्खा पट्टा एका माणसाच्या बोलण्यालाही पुरत नाही. गप्पांचा विषयच संपला. इथे चालतात ती आपली ओळख सांगणारी, अगदी अरुंद जागेत मावणारी संथ चिन्हं.

हाकलले गेले, आणि शतकाने परत आले

या पट्ट्यांचा इतिहास मला त्यांच्या तंत्राइतकाच गमतीचा वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी होती, की लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा. त्यामुळे लांब लहरी नौदलांनी आणि तारकंपन्यांनी धरून ठेवल्या. जहाजं ६०० मीटरवर, म्हणजे ५०० किलोहर्ट्झवर बोलायची. एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिकवरून मदतीच्या हाका गेल्या त्या याच लहरीवर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि खासगी हौशी स्टेशनांना २०० मीटर किंवा त्याहून आखूड लहरींवर ढकललं. त्या लहरी कुचकामी समजल्या जायच्या. थोडक्यात, गावाबाहेरची पडीक जमीन देऊन बोळवण केली.

पुढे काय झालं ते सगळ्या हॅमना तोंडपाठ असतं. डिसेंबर १९२१मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन इथे तंबू ठोकून बसला आणि त्याने अमेरिकेतल्या हौशी स्टेशनांचे सिग्नल अटलांटिकपलीकडून ऐकले. नोव्हेंबर १९२३मध्ये शंभर मीटरच्या आसपास अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात दुतर्फा संभाषण झालं. पडीक जमिनीत सोनं निघालं. मग सरकारं आणि कंपन्याही आखूड लहरींकडे धावल्या, आणि लांब लहरींची प्रचंड यंत्रं हळूहळू बंद पडत गेली.

त्यातलं एक अजून जिवंत आहे. स्वीडनमधल्या ग्रिमेटोन इथलं स्टेशन १९२०च्या दशकातलं आणि २००४पासून जागतिक वारसास्थळ. तिथे ट्रान्समीटर म्हणजे चक्क फिरणारं चाक. पोलादी चकतीच्या कडेला ४८८ खाचा, आणि चकती मिनिटाला २,११५ फेरे घेते. गुणाकार करून साठने भागा: सेकंदाला सुमारे १७,२०० स्पंदनं. हीच त्या स्टेशनची फ्रिक्वेन्सी, १७.२ किलोहर्ट्झ. ना व्हॉल्व्ह, ना ट्रान्झिस्टर. नुसती विजेची मोटर आणि खाचा. वर्षातून मोजक्या दिवशी ते चालवतात, त्यांत २४ डिसेंबरची सकाळ ठरलेली. १७.२ किलोहर्ट्झ हा आकडा माणसाच्या कानाच्या टप्प्यातला असला, तरी ती रेडिओलहर आहे, आवाज नव्हे. कानाला काहीच ऐकू येत नाही. मात्र कॉम्प्युटरचं साउंड कार्ड तेवढी फ्रिक्वेन्सी आरामात पकडतं. त्यामुळे लांब तार थेट साउंड कार्डाला जोडून हे शंभर वर्षांचं चाक ऐकणारे लोक आहेत.

५०० किलोहर्ट्झची कहाणी वेगळी. तिथे दर तासाला दोनदा, पंधरा ते अठराव्या आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला, सगळ्या जहाजांनी गप्प राहून फक्त ऐकायचं असे. एखादी क्षीण हाक गोंगाटात बुडू नये म्हणून. जहाजाच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळावर ती तीन-तीन मिनिटं लाल रंगाने रंगवलेली असत. १९९९पर्यंत उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि तो पहारा उठला.

जागा रिकामी झाली तसे हौशी परतले. ब्रिटनने १९९६मध्ये ७३ किलोहर्ट्झजवळ थोडी जागा दिली, १९९८मध्ये १३६. २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेने २२०० मीटरचा पट्टा दिला आणि २०१२च्या परिषदेने ६३०चा. अमेरिकेत दोन्ही खुले व्हायला २०१७ उजाडलं. उशिराचं कारण वीज कंपन्या. उच्च दाबाच्या वाहिन्यांवर बिघाड झाला तर तो भाग झटकन तोडायला त्या कंपन्या तारांमधूनच याच फ्रिक्वेन्सीचे इशारे पाठवतात. म्हणून तिथे आजही आधी नोंद करावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, आणि असे इशारे वाहणाऱ्या वाहिनीपासून किलोमीटरभर दूर राहावं लागतं. प्रत्येक देशाचे नियम निराळे. परवाना हातात असला तरी या पट्ट्यांवर मोर्सची कळ दाबण्याआधी आपल्या देशाचा तक्ता उघडून पाहायचा, यात कुचराई नको.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

आता खऱ्या अडचणीकडे. चांगल्या उभ्या अँटेनाची उंची तरंगलांबीच्या पाव हिश्श्याइतकी हवी. २२०० मीटरचा पाव म्हणजे साडेपाचशे मीटर. आयफेल टॉवर घेतला तरी कमीच पडेल. हौशी माणूस फार तर पंधरा-वीस मीटर उंच तार उभी करतो आणि वरून तीस-चाळीस मीटर आडवी तार ताणतो. लांबून दिसते इंग्रजी ‘टी’ किंवा उलट्या ‘एल’सारखी.

अशी बुटकी तार लहरी फार वाईट फेकते. किती वाईट, ते आकड्यांतच पाहिलेलं बरं. अँटेनात जो प्रवाह जातो, त्यातला काही भाग लहर बनून बाहेर पडतो. हा उपयोगी खर्च इंजिनिअर लोक ‘रेडिएशन रेझिस्टन्स’ या नावाने ओहममध्ये मांडतात. पंधरा मीटर उंच, वर चाळीस मीटर आडवी तार असलेल्या अँटेनाचा हा आकडा १३७ किलोहर्ट्झला साधारण ०.०५ ओहम येतो. आणि वाया जाणारा खर्च? मातीत, आसपासच्या झाडांत, कॉइलच्या तारेत मिळून ८० ओहम धरू. घराच्या अंगणात असा आकडा अगदी सहज निघतो. म्हणजे आत घातलेल्या शक्तीच्या सोळाशे भागांतला एक भाग आभाळात जातो, बाकी सगळी माती तापवते. कोंबडीपेक्षा मसाला महाग म्हणतात, तो प्रकार इथे शब्दशः आहे.

दोष प्रामुख्याने मातीचा. अँटेनातला प्रवाह जमिनीतून परत फिरतो, आणि इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला तो साध्या मातीत दहा-पंधरा मीटर खोल पसरतो. म्हणून खालून चहूबाजूंनी तारा पुरायच्या, जमिनीत सळ्या ठोकायच्या, जमेल तितका ‘ग्राउंड’ सुधारायचा. जवळची ओली झाडंही शक्ती खातात. एकाच अँटेनाचा नुकसानीचा आकडा कोरड्या दिवसांत आणि पावसात वेगवेगळा येतो.

कायद्याची मर्यादाही यातच गुंतलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियमाने २२०० मीटरवर एक वॉट ‘ईआयआरपी’पर्यंत परवानगी आहे. ६३० मीटरवरही मूळ मर्यादा एक वॉट, काही ठिकाणी पाच. हा वॉट ट्रान्समीटरचा नव्हे, हवेत गेलेल्या लहरीचा, आणि तोही ती चहूकडे सारखी पसरते असं धरून मोजलेला. बुटकी उभी तार सरळ डोक्यावर काही फेकत नाही आणि खालची बाजू जमिनीने झाकलेली, त्यामुळे क्षितिजाच्या दिशेने तिची शक्ती तिप्पट एकवटते. एक वॉट ईआयआरपीसाठी प्रत्यक्षात तिसरा हिस्सा वॉट बाहेर पडला की झालं. पण वरच्या अँटेनातून तेवढासुद्धा काढायचा तर तारेत सुमारे २.६ अँपिअर प्रवाह हवा, आणि त्यासाठी ट्रान्समीटरने पाचशेहून अधिक वॉट ओतायला हवेत.

एवढ्यावर भागत नाही. ही तार विजेच्या नजरेने एक छोटा कॅपॅसिटर असते, तीनशे पिकोफॅरडच्या आसपास. तिच्यात इतका प्रवाह ढकलायचा तर सोबत कॉइल लावून सूर जुळवावा लागतो. हिशेबाने ती साडेचार मिलिहेन्रीची निघते: मोठ्या बादलीवर किंवा प्लास्टिकच्या पिंपावर शेकडो वेढे. हौशींच्या घरात या कॉइलला मानाची जागा असते, आणि पाहुणे तिच्याकडे संशयाने बघतात. तारेच्या त्या टोकाला व्होल्टेज चढतं दहा हजारांच्या घरात. ओलं इन्सुलेटर, टोकदार वळण किंवा कॉइलवर बसलेला कोळी, काहीही निमित्त पुरतं. ठिणगी पडते आणि प्लास्टिक जळल्याचा वास सुटतो. ट्रान्समिट चालू असताना तारेजवळ माणूस किंवा जनावर फिरकणार नाही याची व्यवस्था आधी, बाकी सगळं नंतर.

सूरही एका जागी थांबत नाही. वाऱ्याने तार हलली, पाऊस पडला, की जुळणी सरकते. म्हणून मोठ्या कॉइलच्या पोटात दुसरी लहान कॉइल फिरती ठेवतात. तिला ‘व्हेरिओमीटर’ म्हणतात. काही जण तिला छोटी मोटर जोडून खोलीतूनच फिरवतात, काही जण छत्री घेऊन बाहेर जातात.

ऐकायला मात्र वीतभर अँटेना चालते

इथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. पाठवायला एवढी यातायात, तर ऐकायलाही मोठी अँटेना लागत असेल ना? नाही लागत. रेडिओवरून वेळ जुळवणारी मनगटी घड्याळं याचा पुरावा आहेत. जर्मनीतल्या माइनफ्लिंगेन इथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा सिग्नल जातो, आणि तो घड्याळाच्या आतली बोटाच्या पेराएवढी फेराइटची कांडी पकडते.

कारण असं. या फ्रिक्वेन्सीला आभाळातूनच प्रचंड खरखर येते. पृथ्वीवर सेकंदाला सरासरी चाळीस-पन्नास विजा चमकतात, प्रत्येक वीज म्हणजे एक बेबंद ट्रान्समीटर, आणि त्यांची खरखर लांब लहरींवरून फार दूर पोचते. दुसऱ्या खंडातलं वादळ इथे ऐकू येतं. आता कमकुवत अँटेना सिग्नल कमी पकडते हे खरं, पण ती खरखरही तेवढीच कमी पकडते. दोघांचं प्रमाण कायम. पुढे अँप्लिफायरने दोन्ही सारखेच मोठे करता येतात. अँटेना इतकी लहान नको, की बाहेरची खरखर रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडेल. एवढी एक अट पाळली की झालं. ट्रान्समीटरला ही सवलत नाही. तिथे मातीत गेलं ते गेलं.

त्यामुळे ऐकणाऱ्याची लढाई लांबीशी नसते, गोंगाटाशी असते. विजांचं काही करता येत नाही. निदान विजा स्वभावाने झटक्यात येऊन जातात, आणि थंडीच्या महिन्यांत त्या-त्या गोलार्धात कमी असतात. घरातला गोंगाट जास्त त्रासदायक. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर, टीव्हीचे पॉवर सप्लाय हे सगळे आतल्या आत दहा-वीस ते काहीशे किलोहर्ट्झवर वीज चालू-बंद करतात, आणि त्याची पिल्लावळ थेट आपल्या पट्ट्यावर येऊन बसते. माझ्याकडे आठवडाभर छळणारा एक आवाज दिसायला अतिशय सभ्य अशा टेबललॅम्पचा निघाला. शोधायची युक्ती जुनीच: सेलवर चालणारा छोटा मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन घरभर हिंडायचं आणि एकेक स्विच बंद करत जायचं.

वेटोळ्याची अँटेना इथे फार कामाची. गोल किंवा चौकोनी लूप एका दिशेला जवळजवळ बहिरा असतो. तो फिरवून बहिरी बाजू गोंगाटाकडे धरली की पलीकडचं ऐकू येतं. आणि जागा असेल त्याने जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर शेकडो मीटर लांब तार अंथरावी. हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ती ओळखली जाते, आणि आर्ड्रॉसनच्या तंबूत गॉडलीने हीच वापरली होती.

संथपणाचं गणित

आता त्या एका मिनिटाच्या डिटकडे परत येऊ.

खरखर सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेली असते. आपण जेवढी रुंद खिडकी उघडतो तेवढी ती आत येते. खिडकी निम्मी केली की खरखर निम्मी. सिग्नल मात्र एका बारीक रेषेसारखा एकाच जागी असतो, तो अरुंद खिडकीतूनही पूर्ण आत येतो. मग खिडकी अरुंदच का करत जात नाही? कारण अरुंद खिडकीला वेगाने बदलणारी चिन्हं दिसत नाहीत. सेकंदाच्या दहाव्या भागात डिट संपत असेल तर खिडकी साधारण दहा हर्ट्झची तरी हवी. डिट मिनिटाचा केला तर हर्ट्झचा साठावा भागही चालतो. खिडकी सहाशेपट अरुंद, खरखर सहाशेपट कमी. एक वॉटचा ट्रान्समीटर सहाशे वॉटचा केल्यासारखं झालं, आणि वीजबिल वाढलं नाही. थेंबे थेंबे तळे साचे, एवढंच.

या संथ मोर्सला हॅम ‘क्यूआरएसएस’ म्हणतात. क्यूआरएस हा ‘सावकाश पाठवा’ याचा जुना तारखात्यातला संकेत; सावकाशीलाही जास्तीचा एस लावून त्यांनी तो ताणला. तीन सेकंदांचा डिट, दहाचा, साठचा असे प्रकार आहेत. हे कानाने ऐकायचं नसतं. कॉम्प्युटर आवाजाचं पृथक्करण करून ‘वॉटरफॉल’ नावाचं चित्र काढतो, त्यात सिग्नल उजळ रेघ बनून सरकतो, आणि तो डोळ्यांनी वाचायचा. डोळा यात आश्चर्यकारक हुशार असतो. तुटक, अर्धवट रेघेतूनही तो अक्षर ओढून काढतो.

पुढची उडी २००८मध्ये आली. ‘डब्ल्यूएसपीआर’, उच्चार ‘व्हिस्पर’ म्हणजे कुजबुज. करणारे जो टेलर, १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्यासोबत मिळवलेले शास्त्रज्ञ. जोडतारा पल्सरच्या, म्हणजे जोडीने फिरणाऱ्या आणि ठरावीक ठेक्याने रेडिओस्पंदनं सोडणाऱ्या ताऱ्याच्या, शोधाबद्दल ते मिळालं होतं. दूरच्या ताऱ्याची टिकटिक गोंगाटातून उपसण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे करावं हे ओघानेच आलं. व्हिस्परच्या संदेशात फक्त स्टेशनचं नाव, नकाशावरचा चौकोन आणि शक्ती; सगळं मिळून ५० बिट. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून ते पसरून १६२ चिन्हांत भरतात आणि एकमेकांना चिकटलेल्या चार सुरांतून जवळजवळ दोन मिनिटं पाठवतात. रुंदी अवघी सहा हर्ट्झ. बोलण्याच्या अडीच किलोहर्ट्झ रुंदीत जेवढी खरखर असते तिच्या सहाशेव्या हिश्श्याइतका सिग्नल असला, तरी कॉम्प्युटर तो वाचतो. कानाला तिथे काहीही नसतं.

याच घराण्यातली ‘एफएसटी४डब्ल्यू’ ही पद्धत २०२१पासून खास या लांब लहरींसाठी आहे. तिच्यात दोन, पाच, पंधरा आणि तीस मिनिटांचे प्रकार आहेत. दोनऐवजी तीस मिनिटं दिली की पंधरापट दुबळा सिग्नलही पुरतो. हिशेब तोच.

मग तासाचा, दिवसाचा संदेश का नाही? इथे दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे यंत्राची स्थिरता. हर्ट्झच्या शंभराव्या भागाएवढ्या खिडकीत सिग्नल ठेवायचा तर १३७ किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी एक कोटीत एका भागाहून जास्त सरकता कामा नये. फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा साधा क्रिस्टल खोलीत पंखा लावला तरी याहून जास्त सरकतो. म्हणून जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाला बांधलेला ऑसिलेटर वापरतात. दुसरी अडचण आभाळाची, आणि तिथेच लांब लहरी बाजी मारतात. शॉर्टवेव्हचा सिग्नल ज्या थरावरून परततो तो सतत हलत असतो, आणि त्या हालचालीने सिग्नलची बारीक रेघ पसरून जाड होते. मग खिडकी कितीही अरुंद करा, रेघच तीत मावत नाही. लांब लहरींवर हे पसरणं फारच थोडं. चौदा मेगाहर्ट्झवर एका मिनिटाच्या डिटने पदरात फारसं काही पडत नाही. १३७ किलोहर्ट्झवर पडतं. संथपणाचं हे शास्त्र नेमकं याच पट्ट्यांवर का बहरलं, याचं उत्तर यात आहे.

काहींना हेही पुरत नाही. २०१०मध्ये जर्मनीत पतंगाने तार वर चढवून ९ किलोहर्ट्झच्या जरा खाली सिग्नल पाठवले गेले. तरंगलांबी तेहतीस किलोमीटर. त्या वेळी आंतरराष्ट्रीय वाटपाचा तक्ता ९ किलोहर्ट्झपासून सुरू होत असे, त्याच्या खालची जागा कोणाच्याच नावावर नव्हती. पुढे तक्ता ८.३पर्यंत उतरला, तशी ही मंडळी आणखी खाली सरकली.

दिवस आणि रात्र

लांब लहर जमिनीला धरून चालते. तिला जमिनीचा उतार, टेकड्या यांचं फारसं काही वाटत नाही, आणि समुद्राचं खारं पाणी तर तिचा हमरस्ता. त्यामुळे १३७ किलोहर्ट्झवर भर दुपारीही शेकडो किलोमीटर जाता येतं, आणि सिग्नल घड्याळासारखा स्थिर असतो. त्यापलीकडे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, कामाला येतं. सूर्याच्या उजेडाने साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर ‘डी’ नावाचा थर तयार होतो. १६० आणि ६३० मीटरच्या लहरी त्यात शिरतात आणि बहुतांशी जिरून जातात. म्हणून हे दोन्ही पट्टे दिवसा आपल्या परिसरापुरते. सूर्य मावळला की डी थर विरतो, लहरी वरच्या थरापर्यंत पोचून परततात, आणि रात्र खुलते. २२०० मीटरची लहर इतकी लांब, की ती डी थरात खोल शिरतच नाही. खालच्या कडेवरूनच परतते. जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून ती नळीतून जावी तशी जाते. दूरचा पल्ला मात्र तिलाही रात्रीच बरा मिळतो.

शॉर्टवेव्हवाले सूर्यावरचे डाग वाढले की खूश होतात. इथे उलट. सूर्य शांत असलेली वर्षं चांगली, आणि एखादं चुंबकीय वादळ होऊन गेलं की लांब लहरींवर त्याची उदासी दिवसेंदिवस रेंगाळते.

सुरुवात करायची तर

ऐकण्यापासून करावी. १६० मीटर हा खरा दरवाजा: नेहमीचे हॅम सेट तिथे चालतात, मोर्स आणि बोलणंही होतं, आणि लांब लहरींचा स्वभाव तिथेच कळायला लागतो. त्याखाली उतरायला कॉम्प्युटरला जोडायचा एसडीआर, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरवर सोपवणारा, रिसीव्हर आणि एक लूप पुरतो. तेही नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही फिरवता येतो, आणि तो अगदी खालच्या लहरींपासून शॉर्टवेव्हपर्यंत सगळं ऐकवतो. पहिलं सावज म्हणून विमानांना दिशा दाखवणारे बीकन घ्यावेत. साधारण १९० ते ५३५ किलोहर्ट्झमध्ये ते आपली दोन-तीन अक्षरं मोर्समध्ये अखंड घोकत असतात. बऱ्याच ठिकाणी ते आता बंद होत चालले आहेत, पण उरलेले लूप फिरवायला शिकायला उत्तम.

मग एका रात्री ६३० मीटरवर व्हिस्पर लावून झोपावं. कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आतबाहेर बरोबर ठेवावं, कारण सगळे संदेश सम मिनिटाला सुरू होतात आणि घड्याळ चुकलं तर काहीच उलगडत नाही. सकाळी यादी पाहताना नावांपेक्षा वेळा बघाव्यात. प्रत्येक स्टेशनचा शेवटचा सिग्नल कधी आला, आणि तेव्हा सूर्य कुठे उगवत होता? पश्चिमेकडची स्टेशनं तुमच्याकडे उजाडेपर्यंत टिकतात. पूर्वेकडची मात्र तुमच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतानाच एकामागून एक गप्प होत जातात, जो सगळ्यांत पूर्वेला तो सगळ्यांत आधी.